जुनी डिझेल जीप घेताना : चिखल, ओढ आणि कागद



लागण, खोडवा, बेणे आणि पाण्याच्या पाळ्या हे या पानावरचे आमचे नेहमीचे विषय. त्यात एकदम जीप कुठून आली, असे काहींना वाटेल. पण गट सभेत खताची चर्चा संपली की कोणी ना कोणी विचारतोच, "साहेब, बिल जमा झालं की एखादी जुनी फोर-व्हील जीप घ्यावी म्हणतो. घरच्यांना पंढरपूर, माहूर करून आणता येईल, अन् शेतात लहान ट्रॉली बी ओढंल. कसं राहील?" हा पैसा उसाचाच आहे. तो नीट लागला तर घराचे सुख वाढते, चुकीच्या जागी लागला तर पुढच्या लागणीचे बेणे-खत अडते. म्हणून हा विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे आम्ही मानीत नाही.

एक खुलासा आधी करतो. आपल्याकडे 'फोर-व्हीलर' म्हणजे कोणतीही चारचाकी. 'फोर-व्हील' किंवा 'फोर बाय फोर' म्हणजे जिच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ मिळते ती गाडी. हा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आधी उसाचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरवला. उतारा आणि तोड-वाहतूक यांप्रमाणे हाती पडणारी रक्कम बदलते. हिशेबापुरते टनाला २,७०० रुपये हाती आले असे धरू. चार लाखांची जीप म्हणजे १४८ टन ऊस. एकरी ३७ टन पडला तर पुरते चार एकर जीपेत गेले, आणि त्यात त्या चार एकरांचा खर्च धरलेलाच नाही.

हे झाले खरेदीचे. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरलात आणि जीपेने लिटरला बारा किलोमीटर दिले तर ६६७ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले तरी साठ हजार रुपये झाले. शिवाय विमा, टायर, बॅटरी आणि मिस्त्री. आमचे सांगणे असे की, जुन्या गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला असेल तरच सौद्याला बसावे. चार लाख जवळ असतील तर सव्वातीन लाखांच्या आतली जीप बघावी. सगळे पैसे मालकाच्या हातावर ठेवून रिकाम्या खिशाने जीप घरी आणली, तर पहिला पंप बिघडला की ती गोठ्यात उभी राहते.

बिल जमा झाल्याच्या आठवड्यात खरेदी करू नये. दलालालाही बिलाची तारीख ठाऊक असते. आणि पावसाळा सुरू झाला की जीपेची खरी परीक्षा घेता येते, ती उन्हाळ्यात घेता येत नाही.

फोर-व्हील खरोखर लागते का?

आपल्या जिल्ह्याची जमीन काळी, खोल आणि चिकणमातीची. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची, तसेच जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची शिवारे मृगाच्या दोन पावसांत अशी होतात की पाणंदीतून बैलगाडीही निघत नाही. मागची दोनच चाके ओढणारी गाडी अशा चिखलात जागच्या जागी खड्डा करते. ज्यांची वस्ती शेतात आहे, बाळंतीण किंवा आजारी माणूस रात्री-अपरात्री डांबरीपर्यंत न्यावा लागतो, दूध रोज बाहेर काढावे लागते, त्यांना फोर-व्हीलचा उपयोग आहे यात शंका नाही.

पण ज्यांचे घर डांबरी रस्त्यावर आहे आणि शेताला खडीचा रस्ता झाला आहे, त्यांनी वर्षातले दिवस मोजावेत. चिखलाचे वीस-पंचवीस दिवस आणि देवदर्शनाच्या दोन-तीन फेऱ्या एवढेच काम असेल, तर चिखलाला घरचा ट्रॅक्टर आहे आणि दर्शनाला भाड्याची गाडी स्वस्त पडते. फोर-व्हील गाडीला पुढचा क्राऊन, पुढचा शाफ्ट, जादा गिअरपेटी असे सामान जास्त. वापरा की न वापरा, त्याचे वजन डिझेल खाते आणि देखभाल मागते.

बाजारात काय मिळते

महिंद्राने आपल्या देशात विलीज जीप जुळवायला १९४७ साली सुरुवात केली. १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार झाला, आणि पुढे एमएम ५४० ही जीप २११२ सीसीच्या त्या इंजिनावर चालली. साधे इंजिन, पाट्यांची स्प्रिंग आणि कोणत्याही मिस्त्रीला कळेल असे काम हे तिचे गुण. वेग कमी, आवाज फार आणि ब्रेक आजच्या मानाने कमजोर हे दोष. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसांची कंबर धरते. आता या जीपांचे वय बरेच झाले आहे, म्हणून शेतकामापुरतीच ती बघावी.

२००० साली बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २०१० मध्ये थार. टाटांची सफारी १९९८ पासून. यांपैकी काहींचे फोर-व्हील प्रकार जुन्या बाजारात मिळतात. फोर्सची गुरखाही बघायला मिळते. पण इथे गफलत फार होते. बोलेरो जीपेसारखी दिसते म्हणून फोर-व्हील असते असे नाही. रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो मागच्याच चाकांवर ओढतात. थारमध्येही दोन चाके ओढणारे प्रकार आहेत. मालक काहीही म्हणो, गाडीखाली वाकून पुढच्या दांड्याला क्राऊन आणि शाफ्ट आहे का, हे डोळ्याने पाहावे.

२०२० नंतरच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत धूर गाळण्याची जाळी असते. ती स्वच्छ राहण्यासाठी इंजिन चांगले तापून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. जी गाडी रोज घर ते शेत एवढीच दोन-तीन किलोमीटर हळूहळू फिरेल, तिची जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. म्हणजे नवी तेवढी चांगली असे नाही, कामाप्रमाणे गाडी.

पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत नव्याने बांधलेल्या झगझगीत जीपांचे तरुणांना फार आकर्षण असते. मोठे टायर, बदललेले इंजिन, कापलेली बॉडी, सगळेच नवे. पण कंपनीच्या मूळ बांधणीत असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशी जीप नोंदणीला आणि विम्याच्या दाव्याला अडते. पोरांनी हट्ट धरला तरी वडिलांनी इथे नाही म्हणावे.

इंजिन थंड असताना बघा

गाडी बघायला सकाळी जावे आणि आधी बॉनेटला हात लावावा. बॉनेट गरम असेल तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. मग चहा घ्या, दोन तास थांबा, पण थंड इंजिन सुरू होताना पाहिल्याशिवाय उठू नका. डिझेल इंजिनाचा सगळा जीव कंप्रेशनमध्ये. ते गेले की थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.

धूर बघा. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर हरकत नाही. थांबतच नसेल तर कंप्रेशन कमी आहे किंवा इंजिनात पाणी जाते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. जोर दिल्यावर दाट काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा हवेची जाळी बघावी लागेल. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण उघडा. आतून भकाभका वाफ मारत असेल तर रिंगा-पिस्टन झिजले आहेत. ऑइलला दुधाळ रंग असेल, किंवा इंजिन थंड असताना रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तिथूनच राम राम करावा.

नंतर गाडीखाली जा. चेसीवर नवा काळा रंग फासला असेल तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते खरवडून बघा. विशेषतः मागच्या हुकाजवळ. तिथे तडा किंवा जोड दिसला तर त्या गाडीने झेपणार नाही एवढे ओझे ओढले आहे. पाटे तुटलेले, एका बाजूला बसलेले नसावेत. चेसीचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

चारही चाकांची परीक्षा

ही परीक्षा डांबरीवर घेऊ नये. या जीपांत फोर-व्हील लावली की पुढची आणि मागची चाके एकाच मापाने फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर जावे लागते. मऊ जमिनीत चाक थोडे घसरून ते निभते. कोरड्या डांबरीवर घसरायला जागा नसते, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट आणि गिअरपेटीत कोंडतो. म्हणून घेतल्यानंतरही कोरड्या डांबरीवर फोर-व्हील लावून जीप पळवू नये.

नांगरलेल्या किंवा ओल्या रानात जीप न्या. फोर-व्हीलचा दांडा टाका. काही जीपांना पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवायची चकती असते, तीही फिरवून बघा. हळू चालवीत जोडीदाराला बाजूने पाहायला सांगा, पुढची चाके माती मागे फेकतात का. मग 'लो' गिअर टाका. जीप माणसाच्या चालीने, न धापता, चढ चढली पाहिजे. दांडा आपोआप सुटून बाहेर येत असेल, किंवा खालून कडकड आवाज येत असेल, तर गिअरपेटीचे काम निघाले. बऱ्याच जुन्या गाड्यांचा पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो आणि मालक म्हणतो, "घरी ठेवलाय, बसवून देतो." शाफ्ट बसवून, चालवून दाखवल्यावरच पैशाचे बोलावे.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. पुढे एक माप, मागे दुसरे असेल तर फोर-व्हील लावताच तोच ताण येतो.

ओढीचे गणित

जीप काय ओढू शकते, या प्रश्नात माणसे इंजिनाची ताकद बघतात. आमचा प्रश्न उलटा असतो. ओढून नेलेले ओझे ती थांबवू शकते का? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार जीपेच्या ब्रेकवर येतो. युरोपात ब्रेक नसलेल्या लहान ट्रेलरला मालासह ७५० किलोची मर्यादा आहे, आणि तीही ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत. आपणही हाच ठोकताळा धरावा. दीड टनाच्या जीपेमागे मालासह सातशे किलोच्या वर नको. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तोच पाळावा.

आता शेतातले उदाहरण घ्या. हजार लिटरची टाकी म्हणजे हजार किलो पाणी, वर ट्रॉलीचे वजन. हे जीपेचे काम नव्हे. फवारणीसाठी तीनशे लिटरची टाकी, उसाच्या रोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन हे तिचे काम. बेणे म्हणाल तर एकरी दोन डोळ्यांच्या दहा हजार टिपऱ्या लागतात; त्यांचे वजन टनांत जाते. ते ट्रॅक्टरनेच आणावे. गाळपाच्या उसाच्या वाहतुकीचा तर विचारच नको.

माल भरण्याची रीत बैलगाडीचीच. मागे जड झाले की गाडी उलाळ होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ट्रॉलीतही तसेच आहे. माल चाकांच्या किंचित पुढे भरावा, म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर येतो. मागे जड झाली तर वेग वाढताच ट्रॉली शेपूट हलवल्यासारखी डोलते आणि जीपेलाही रस्त्याबाहेर नेते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये, अॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. हूक बॉडीला नव्हे, चेसीला बोल्टने पक्का हवा, आणि खाली सुरक्षेची साखळी हवीच. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते हे ध्यानी घ्यावे. बंद पडलेली दुसरी गाडी दोराने ओढायची असेल तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, आणि वेग ताशी वीसच्या आसपास ठेवावा.

ट्रॉलीत माणूस नको

ही गोष्ट आम्ही स्वतंत्र सांगतो, कारण बाकी सगळे नुकसान पैशाचे आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजुरांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात महिलांचा त्यात मृत्यू झाला. त्या आपल्या शेजारच्याच शिवारातल्या लेकी-सुना होत्या. रोजच्या कामाला निघाल्या होत्या.

जीपेमागे ट्रॉली जोडली की, "दोन बायका मागं बसू द्या, शेतापर्यंतच तर जायचंय," असे होतेच. होऊ देऊ नका. ट्रॉली मालाची आहे. एक फेरी जास्त झाली तर चालेल.

घरच्या प्रवासातही कागदावर जेवढी आसने तेवढीच माणसे बसवावीत. जुन्या जीपेत मागे समोरासमोर बाके असतात, त्यांना बहुधा पट्टा नसतो. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या आसनावर बसवावे. औंढा, परळी, पाथरी हे जवळचे प्रवास आधी करावेत. गाडीचा अंदाज आला की मग पंढरपूर किंवा माहूर. माहूरगडाच्या घाटात किंवा गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटच्या डोंगरात उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. उंच गाडी वळणावर कलंडते, म्हणून टपावर सामानाचा डोंगर करू नये.

आणि शेजाऱ्याने "डिझेलचे पैसे घे, पण आमचं वऱ्हाड ने" म्हटले तर विचार करावा. पांढऱ्या पाटीची खासगी जीप भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

कागद

इंजिन बिघडले तर मिस्त्री आहे. कागद बिघडले तर जीप आपली असून आपली नसते.

नोंदणी पुस्तकावरचे नाव आणि समोर पैसे घेणारा माणूस एकच आहे का, हे पाहावे. 'मूळ मालक पुण्याला असतो, सह्या आणून देतो' यावर इसार देऊ नये. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि थकीत दंड दिसतो. घरातल्या शिकत्या पोराला हे काम पाच मिनिटांचे आहे. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३० लागतो. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्यावर आपले नाव लावण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा.

जे सभासद आपली जुनी जीप विकतात त्यांनीही हे ऐकावे. नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. जीप विकली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, आणि नव्या मालकाने कोणाला उडवले, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दाखवणारे दलाल फार आहेत. ती स्वस्त का, तर दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी करणारा आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. नंतर त्यात फेरबदल होत आले, पण गाड्या बाहेर विकण्याची रीत पडली ती पडली. गाडी चांगली असू शकते. मात्र तिथल्या कार्यालयाचा फॉर्म २८ चा ना हरकत दाखला हातात हवा, आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरून इथला नंबर घ्यावा लागतो. ही रक्कम आधी परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारून किमतीत धरावी. बऱ्याचदा मग ती गाडी आपल्या एमएच २२ च्या गाडीएवढीच पडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात त्यावेळी पर्यावरण करही भरावा लागतो, आणि अलीकडच्या वर्षांत नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले आहे. चौदा वर्षांची जीप स्वस्त वाटते, पण वर्षभरात हा खर्च उभा राहतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवली आहे का, तेही बघावे.

थोडक्यात

सौद्याला जाताना आपला नेहमीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची दिवसाची मजुरी द्यावी. दलालाने दाखवलेला मिस्त्री नको. पहिल्या दिवशी इसार देऊ नये. जीप थंड असताना, चिखलात आणि कागदावर अशी तीनदा तपासावी. तिन्हींत उतरली तरच घ्यावी. एकात जरी नापास झाली तरी सोडून द्यावी, जीपा पुष्कळ आहेत.

आणि घेण्याआधी घरात एकदा मांडून बघा: पुढच्या लागणीचे बेणे, खत, पाइपलाइनची दुरुस्ती, पोरांची फी यांचे पैसे वेगळे काढल्यावर जे उरते, त्यात ही जीप बसते का? बसत असेल तर खुशाल घ्या, आईवडिलांना पंढरीला नेऊन आणा. बसत नसेल तर एक हंगाम थांबा. तोवर खोडव्याकडे लक्ष द्या, एकरी पाच टन वाढले तरी चार एकरांत वीस टन होतात.